3 फूट जोत्याचे बैठे घर : अकरा महिने राहिल्यानंतरचा अनुभव

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही चाळीसगावातल्या आमच्या नव्या घरात राहायला आलो. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू आता या घरात काढून झाले आहेत, त्यामुळे उंच जोत्याचे, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेल्या चौथऱ्यावरचे, बैठे घर स्वतः बांधावे की तयार विकत घ्यावे, या प्रश्नावर मला आता काही खात्रीने लिहिता येईल. उंच जोत्याचा आग्रह आमच्या मनात 31 ऑगस्ट 2021 नंतर पक्का झाला. त्या दिवशी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराचे पाणी गावात शिरले होते. आमचे तेव्हाचे भाड्याचे घर रस्त्यापासून दोन पायऱ्यांवर होते. धान्य, गाद्या आणि मुलांची दप्तरे यांचे त्या दिवशी काय झाले, ते मी विसरू शकत नाही.

आधी तयार घर घेण्याचाच विचार होता, कारण घरात चाकाच्या खुर्चीवरच्या सासूबाई आहेत आणि बांधकामाची दीड वर्षाची दगदग झेपेल असे वाटत नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी बांधलेले एक घर आम्हाला मनापासून आवडले होते. मालकांनी जोते दीड फुटाचे असल्याचे सांगितले आणि ते खरेही होते, पण बांधले तेव्हा. मधल्या काळात गल्लीत दोनदा डांबर आणि एकदा काँक्रीट पडले होते, आणि मी टेप लावून मोजले तेव्हा रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत जेमतेम 9 इंच उरले होते. नदीच्या पुराची खूण जागची हलत नाही, पण गल्लीत साचणारे पावसाचे पाणी रस्त्याबरोबर वर चढते. म्हणून घर पाहायला जाणाऱ्याने दोन मापे वेगवेगळी घ्यावीत : एक शेजाऱ्यांच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणेपासून, दुसरे आजच्या रस्त्यापासून, आणि दुसऱ्यात पुढच्या वीस वर्षांचा रस्ताही धरावा.

त्या घराबद्दल माझे मन खऱ्या अर्थाने फिरले ते मात्र उंचीमुळे नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली एक भेग नव्या रंगाखालूनही दिसत होती, आणि मधल्या खोलीतल्या फरशीवर नाण्याने ठोकले की चार ठिकाणी पोकळ आवाज येत होता. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. घर तिच्यावरच टेकलेले असेल, किंवा जोत्याच्या पोटात तीच भरलेली असेल, तर दर वर्षी फरशी आणि भिंती तिच्याबरोबर हलतात. जोते जितके उंच, तितका भराव जास्त आणि चुकीची माती भरली असेल तर नुकसानही जास्त. तयार घरात जोत्याच्या पोटात काय आहे ते फरशी फोडल्याशिवाय दिसत नाही. आम्ही बांधण्याचा निर्णय घेतला तो एवढ्याच कारणासाठी, आणि आजही मला तो योग्य वाटतो.

नव्या रो हाउसची एक योजनाही पाहिली होती. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत रचनेत दोष निघाला तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकसकावर असते, हा मोठा आधार आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीत किंवा स्वतः बांधलेल्या घरात तो नसतो. पण तिथले जोते सव्वा फुटाचे होते आणि एका घरासाठी ते बदलून मिळणार नव्हते.

आमचा प्लॉट 40 बाय 60 फुटांचा आहे. घेण्यापूर्वी बिनशेतीचा आदेश पाहिला आणि पूररेषांचा नकाशाही पाहिला. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, त्यावर जोत्याची उंची हा उपाय नाही. खोदून पाहिले तेव्हा 8 फूट काळी माती आणि त्याखाली पक्का मुरूम लागला. सगळे पाये त्या मुरमापर्यंत नेले आणि वर प्लिंथ बीमने, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळयांनी, एकमेकांना बांधले. काळी माती फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम पाइल्सची पद्धत वापरतात. आम्हाला तिची गरज पडली नाही.

भरावाच्या वेळी मिस्त्रींनी सुचवले, "ताई, खोदलेली मातीच आत टाकू, गाडीभाडं वाचेल." मला त्यांना नाही म्हणणे जड गेले, कारण माणूस भला होता आणि माझ्या पैशांचाच विचार करत होता. पण मी ऐकले नाही. घराचे क्षेत्र 1000 चौरस फूट आणि जोते 3 फूट, म्हणजे 30 ब्रास भराव (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पाणी मारून दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून प्रत्यक्ष 38 ब्रास लागला. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस (ठोकून दाबण्याचे जड अवजार), असे नऊ दिवस मी स्वतः उभी राहिले. आज अकरा महिन्यांनी घरातली एकही फरशी पोकळ वाजत नाही.

उंची मात्र आम्हाला 4 फूट हवी होती आणि ती 3 फुटांवर आली सासूबाईंच्या खुर्चीमुळे. खुर्ची सुखरूप चढण्या-उतरण्यासाठी एक फूट उंचीला 12 फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे 4 फुटांसाठी 48 फूट, शिवाय मध्ये थांबायला 5 फुटांची सपाट जागा. फाटकापासून घराच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आमच्याकडे 50 फूटच होते. 3 फुटांना 36 आणि 5 मिळून 41 फुटांत काम झाले. आमच्या गल्लीत 2021 च्या पाण्याची खूण 2 फुटांवर आहे, त्यामुळे एक फूट हाताशी राहिला. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत त्यांनी आधी उताराची लांबी काढावी आणि मग जोत्याची उंची ठरवावी.

गेल्या पावसाळ्यात दोनदा गल्लीत पाणी साचले. एकदा ते आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले आणि रात्रीतून ओसरले. त्या रात्री मी सासूबाईंजवळ वट्ट्यावर बसून पाणी पाहत होते, आणि घरात काहीही उचलून ठेवावे लागले नाही. त्या एका रात्रीसाठी सगळा खर्च सार्थकी लागला असे मला वाटते. सांडपाण्याला उतारही चांगला मिळाला आहे, आणि भिंतींच्या तळाला ओल नाही.

उन्हाच्या बाबतीत जोते काही कामाचे नाही. बैठ्या घराचा सगळा स्लॅब थेट उन्हात तापतो आणि वैशाखात रात्री दहापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे, त्याचे मोल मला आता कळते. आम्ही विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढरा थर दिला आहे, तरी दुपारी कूलर लागतोच.

रोजच्या त्रासांत गॅसची टाकी सहा पायऱ्या चढवणे आणि दुचाकी खालीच ठेवणे हे आहेत. वट्ट्याला कठडा पहिल्याच आठवड्यात लावावा लागला, कारण 3 फुटांवरून लहान मूल पडले तर दुखापत होते. आमच्याकडून राहिलेली खरी चूक उताराची आहे. घराखाली मुरूम दाबला, पण उताराखाली घाईत काळी मातीच राहिली. पावसाळ्यानंतर घर आणि उतार यांच्या सांध्यात अर्धा इंच खाच पडली असून खुर्चीचे पुढचे चाक तिथे अडते. सध्या आम्ही त्यावर रबराची पट्टी टाकली आहे. मृगाच्या आधी तो भाग उघडून, माती काढून, पुन्हा थरांनी मुरूम दाबून घ्यायचे ठरले आहे, आणि मिस्त्री तेच येणार आहेत.