लोअर केलेल्या गाडीला ७जे (म्हणजे ७ इंच रुंद रिम) घ्यावं की ८जे?

गाडी ४० मिमी खाली बसवली की पुढचा किडा डोक्यात शिरतो तो रुंद अलॉयचा. माझ्याकडे दोन्ही सेट होऊन गेलेत, दोन्ही १७ इंचीच, आधी ८जे ईटी ३५ (ईटी म्हणजे ऑफसेट, मिमीमध्ये, आकडा कमी तितकं चाक बाहेर) वर २१५/४५ टायर (२१५ मिमी रुंद, बाजूची उंची त्याच्या ४५ टक्के) आणि आता ७जे ईटी ४० वर २०५/४५. कंपनीचं रिम ६जे ईटी ४५ होतं.

दिसायला म्हणाल तर ८जे, वादच नाही. मागून बघितलं की गाडी पाय रोवून उभी आहे असं वाटतं. ७जे त्यामानाने सभ्य, अनोळखी माणसाला काही बदललंय हे कळणारही नाही.

पण जरा हिशोब करा, कंपनीच्या रिमपेक्षा ८जे बाहेरच्या अंगाला ३५ मिमी येतं आणि ७जे १८ च्या आसपास, वर २१५ चा टायर २०५ पेक्षा उंचीलाही ९ मिमीने मोठा. आर्चखाली, म्हणजे चाकावरच्या कमानीखाली, मुळात जागा उरलेली बोटभर.

एकट्याने चालवताना काही घासायचं नाही हो, महिनाभर मी एकदम खुश. मग एक दिवस मागे तिघं बसले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर खर्रर्र. सगळे एकमेकांकडे बघतायत, मी आपला गाण्याचा आवाज वाढवला. त्यानंतर कोण कुठे बसणार हे मी वजन बघून ठरवायला लागलो, अगदी सख्ख्या काकांनासुद्धा "तुम्ही पुढेच बसा" म्हणायचं आणि कारण सांगायचं नाही. टायरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा पडला होता, आर्चच्या आत बोट फिरवलं की रबराची काळी पूड लागायची. शेवटी आर्चची कड आत वळवून घेतली, रंग नीट तापवून केलं तरी केसाएवढी चीर गेलीच आणि तिथूनच पुढे गंज. आवाज कमी झाला, बंद नाही.

वळणावर ८जे जरा जास्त पकडायचं असं मला वाटायचं, पण टायरही वेगळे होते, त्यामुळे श्रेय रिमचं की रबराचं कोण जाणे. उलट चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर ते स्टिअरिंग ओढायचं, कमी ऑफसेटमुळे चाक बाहेर सरकतं म्हणून असावं, ७जे वर हे फारसं जाणवत नाही. रिम कुठलंही घ्या, हब रिंग (रिमचं मधलं भोक आणि हब यांतली फट भरणारी कडी) मात्र बरोबर मापाची बसवा, नाहीतर वेग घेतला की थरथर सुरू.

कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) आहेत, स्प्रिंग कडक आहे आणि मागची सीट फक्त बॅग ठेवायला, असं असेल तर ८जे खुशाल घ्या. घरची गाडी असेल तर मी तरी ७जेच म्हणेन. कुणाचा सेट तासाभरासाठी मिळाला तर चढवून बघा, आर्चच्या कडेला आतून मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवा, मागे तिघं बसवा आणि एक चक्कर मारून या, गोळा किती चेपला ते बघून काय ते ठरवा.

माझा ८जे चा सेट अजून पलंगाखाली आहे. विकायचाय, पण अधूनमधून काढून पुसून परत आत ठेवतो.