टोयोटा ८६: मूळ एअरबॉक्स की बाजारातला इन्टेक?

टोयोटा ८६ या स्पोर्ट्स कारचं दोन लिटरचं बॉक्सर (आडव्या, समोरासमोर सिलिंडरचं) इंजिन टर्बोशिवायचं, त्यामुळे नुसता इन्टेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बदलून ताकद जेमतेमच वाढते. मूळ एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, बंदिस्त असतो आणि पुढून थंड हवा ओढतो. बाजारातल्या इन्टेकचा उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा घेतो. ट्रॅफिकमध्ये तर फारच. आवाज झकास येतो, हे मान्य! पण पाइपचा व्यास बदलला की हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचं गणित चुकतं, मग ट्यूनिंगचा (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचा) खर्च आलाच. तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त लागलं तर सेन्सरची तारही माखते. या इंजिनचा टॉर्क (ओढ) मुळातच साधारण ३,००० ते ४,५०० आरपीएममध्ये पडतो, तो भरून काढायला हेडर (एक्झॉस्टचे इंजिनालगतचे पाइप) आणि ट्यूनच हवं. आवाजासाठीच घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण बंदिस्त डब्याचा. वेगासाठी आधी चांगले टायर घाला.