साधी सर्दी: चिनी वैद्य काय बघतो, डॉक्टर काय बघतात

सर्दी झाली की पारंपरिक चिनी वैद्य आधी जीभ बघतो. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. थंडी जास्त वाजते, जिभेवर पातळ पांढरा थर आहे, तर ती ‘वारा-थंडी’. आलं आणि दालचिनीच्या कोवळ्या काड्या देऊन घाम काढायचा. घसा दुखतोय, थर पिवळसर आहे, तर ‘वारा-उष्णता’. मग शेवंतीसारखी थंड फुलं. सर्दी तीच, औषध माणसागणिक वेगळं.

डॉक्टर विचारतात: ताप किती, दम लागतो का? सर्दीमागे दोनशेहून जास्त विषाणू असू शकतात, उपचार मात्र बहुतेक सारखेच. विश्रांती, पाणी, गरज पडली तर पॅरासिटामॉल. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी लोक हट्टाने मागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिनी पद्धतीतली झोप-भुकेची बारीक चौकशी मला मोलाची वाटते. पण औषधाचा भरवसा तपासणीनंतरच. चिंगहाओ ही चीनमधली जुनी तापावरची वनस्पती. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी ती उकळण्याऐवजी तिचा अर्क कमी तापमानाला ईथर या द्रावकात काढून पाहिला; त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली नोबेल. उलट, सर्दीच्या चिनी काढ्यातल्या माहुआंग या वनस्पतीत एफेड्रिन असतं, ते रक्तदाब वाढवतं. झाडपाला आहे, अपाय कसला, असं समजू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर काढ्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगाच.