बी८१ सांगून गळ्यात मारलेलं बी८०

जुन्या लष्करी गाडीसाठी रोल्स-रॉइसचं बी मालिकेतलं इंजिन घ्यायच्या विचारात कुणी असेल, तर व्यवहार करण्याआधी हे वाचा. आम्हा चौघांचे साडेतीन हजार पौंड यात गेले आहेत आणि तो माणूस अजून जाहिराती देतोय.

मी मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला असतो. इथल्या मित्रांबरोबर एक अल्विस सॅलॅमँडर पुन्हा चालती करायची धडपड चालू आहे. रॉयल एअर फोर्सच्या विमानतळांवरची ही सहाचाकी क्रॅश टेंडर, म्हणजे विमान अपघातातली आग विझवणारी गाडी, याच शहरातल्या अल्विस कंपनीची. विमान कोसळून पेटलं की आतल्या माणसांना वाचवायला हातात मिनिटंच असतात. म्हणून सहाही चाकांना ताकद, धावपट्टी सोडून चिखलागवतातून धावायची तयारी, आणि छतावर फेस मारणारी तोफ. पेटलेल्या इंधनावर फेस पसरला की त्याला हवा मिळत नाही. पुढे जायचे पाचही गिअर उलट दिशेलाही चालतात. आगीजवळ गाडी वळवत बसायला नको, आल्या पावली मागे घ्यायची. इतका विचार करून बनवलेली गाडी मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या गाडीच्या मूळ इंजिनाचा ब्लॉक कुठल्या तरी हिवाळ्यात आतलं पाणी गोठून तडकलेला होता. त्यामुळे तसंच, बी मालिकेतलं बी८१ इंजिन शोधत होतो. एकाने फोन केला. लष्करी वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉल झालेलं बी८१, लाकडी पेटीत सीलबंद, एकदाही न चालवलेलं. बोलायला मृदू, माहिती चोख. शेतावरच्या एका शेडमध्ये त्याने पेटी दाखवली, वरची फळी उचलून इंजिनावरची नावाची प्लेटही दाखवली. ग्रीसचा कागद मात्र काढू देईना. ‘सील तुटलं की आत दमट हवा शिरते, मग ते कोण घेणार?’ दुसरं गिऱ्हाईक शनिवारी येतंय, असंही सांगितलं. पैसे बँक ट्रान्सफरने, पावती नंतर पाठवतो म्हणाला.

घरी आणून कागद सोडला तेव्हा प्लेटचे चारही रिव्हेट नवे कोरे दिसले, आणि प्लेटच्या कडेने जुन्या रंगावर मोठ्या प्लेटचा ठसा होता. हेड उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायला व्हर्नियर लावला. बी८१चा बोअर पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर. हा भरला ८९च्या आसपास, म्हणजे साडेतीन इंच. बी८०!

दोन्ही आठ सिलिंडरची सरळ रांगेतली इंजिनं, दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, साडेचार इंच, त्यामुळे बाहेरून फसायला होतं. फरक आत आहे: बी८१ साडेसहा लिटरचं, बी८० जेमतेम ५.७ लिटरचं. बी८० वाईट इंजिन नाही, सॅरासेन चिलखती गाडीत तेच असे. पण पाणी आणि फेसाच्या टाक्या भरलेली सॅलॅमँडर ओढायला हवं ते बी८१च, आणि पैसेही त्याचेच घेतले होते. भरीस भर, ‘ओव्हरहॉल’ झालेल्या दोन सिलिंडरमध्ये गंज होता.

फोन बंद. शेडमालक म्हणाला, ती जागा महिन्याच्या भाड्याने दिली होती, भाडेकरू गेला. बँकेचं म्हणणं, माल मिळालाय, तेव्हा हा तुमचा आपसातला वाद. खाजगी विक्रीतही माल वर्णनाप्रमाणेच असावा लागतो, असं इथला १९७९ चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट सांगतो, आणि दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात चालतो. पण समन्स पाठवायला खरं नाव आणि पत्ता लागतो. तेवढंच त्याने दिलं नाही.

म्हणून सांगतो, पेटी उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन उघडं असेल तर हेड उतरवून बोअर मोजू द्या म्हणा; नव्या गॅस्केटचा खर्च आपण द्यायचा. ‘बी८१’ हे शब्द, इंजिन नंबर आणि विकणाऱ्याचा राहता पत्ता एका कागदावर सहीनिशी घ्या, मगच पैसे.

गेल्या आठवड्यात थॉर्निक्रॉफ्ट नुबियन ही जुनी लष्करी गाडी पुन्हा चालती करणाऱ्या एका ओळखीच्याला ‘सीलबंद बी८१’चे फोटो आले. पेटीच्या डाव्या कोपऱ्यातली फळी नव्या, पिवळ्या लाकडाची, आणि तिला तिरका खिळा. ती पेटी आमच्या शेडमध्ये पडून आहे. हे फोटो तुम्हाला आले तर एक पेनीही पाठवू नका, आणि नंबर पोलिसांना द्या.