प्रिअ‍ॅक्ट: आकार लहान, पण इनपुटवर लक्ष ठेवा

वेब पानं बांधायच्या रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा हलका पर्याय म्हणजे प्रिअ‍ॅक्ट. त्याचं नाव निघालं की आधी ३ केबी हा आकडा पुढे येतो. आकडा ढोबळ आहे, जीझिपने दाबल्यानंतरचा; आताच्या आवृत्त्या त्याहून थोड्या मोठ्या भरतात. पण पानावर दोन मोठे फोटो असले की ती बचत कुणाला जाणवतही नाही. त्याची खरी सोय दुसरीच आहे. प्रॉप्स (बाहेरून दिलेली माहिती) घ्यायचे, मार्कअप (एचटीएमएलचा तुकडा) परत द्यायचं, आत काही साठवायचं नाही, अशी दहा-पंधरा ओळींची फंक्शन्स इथे फार जामानिमा न करता लिहिता येतात. सोबत एचटीएम ही छोटी लायब्ररी घेतली तर जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्ये टॅग लिहायची पद्धत) नको आणि बिल्ड, म्हणजे कोड आधी रूपांतरित करायची पायरीही नको. साध्या पानात मॉड्यूल स्क्रिप्ट टाकली की काम सुरू.

किराणा बिलाचं पान घ्या. स्टेट (बदलत राहणारी माहिती) फक्त सगळ्यात वरच्या कंपोनंटमध्ये, म्हणजे पानाचा तुकडा बनवणाऱ्या फंक्शनमध्ये ठेवायची. ‘ओळ’ या कंपोनंटला नाव, नग, दर आणि नग बदलायचं फंक्शन द्यायचं, ‘बेरीज’ला नुसती यादी. तेच प्रॉप्स दिले की तेच एचटीएमएल मिळतं, त्यामुळे प्रिअ‍ॅक्ट-रेंडर-टू-स्ट्रिंग या पॅकेजने ब्राउझर न उघडता तपासणी होते.

‘ओळ’ हे फंक्शन मात्र सगळ्या ओळी दाखवणाऱ्या ‘यादी’ कंपोनंटच्या पोटात लिहू नका. दर रेंडरला (पान पुन्हा काढताना) ते नवं फंक्शन ठरतं, जुनी ओळ उपटून नवी लावली जाते आणि एक अक्षर टाइप केलं की कर्सर गायब. ओळीची ओळख ठरवणारी ‘की’ (key) म्हणून इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, दिला तरी घोळ होतो: मधली ओळ काढली की तिच्या चौकटीतला मजकूर किंवा फोकस शेजारच्या ओळीला चिकटतो. वस्तूचा आयडी द्या.

रिअ‍ॅक्टमधून येणाऱ्यांची फजिती इनपुटपाशी होते. नुसत्या प्रिअ‍ॅक्टमध्ये इव्हेंट (टाइप करणं, क्लिक अशा घटना) ब्राउझरचेच असतात, म्हणून मजकुराच्या चौकटीत ऑनचेंजला जोडलेलं फंक्शन (हँडलर) चौकट सोडल्यावर चालतं. अक्षरागणिक हवं तर ऑनइनपुट. मोबाइल नंबर १० आकड्यांवर अडवताना अकरावा आकडा स्टेटमध्ये घेतला नाही, तर रेंडरच होत नाही आणि तो आकडा चौकटीत तसाच दिसत राहतो. चौकटीला मॅक्सलेंग्थ (कमाल लांबी) लावा, नाहीतर हँडलरमध्ये चौकटीची व्हॅल्यू स्वतः मागे घ्या.

प्रॉप्स तेच असतील तर पुन्हा रेंडर टाळणारं मेमो मूळ गाभ्यात नाही, कॉम्पॅट या रिअ‍ॅक्टशी जुळवून घेणाऱ्या भागातून घ्यावं लागतं. तेही आंधळेपणाने लावू नये: प्रत्येक ओळीला जागेवरच लिहिलेलं अ‍ॅरो फंक्शन दिलं की प्रॉप्स दरवेळी नवे ठरतात आणि मेमो असून नसल्यासारखं. सगळ्या ओळींना एकच कायम फंक्शन आणि सोबत आयडी, एवढं पुरतं.

रिअ‍ॅक्टची तयार लायब्ररी वापरायची असेल तर रिअ‍ॅक्ट आणि रिअ‍ॅक्ट-डॉम या दोघांचा एलियास (बिल्डमधलं पर्यायी नाव) कॉम्पॅटकडे वळवा. एक राहिला तर खरं रिअ‍ॅक्ट बंडलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) शिरतं, हुक्स (कंपोनंटमध्ये स्टेट वगैरे वापरायची फंक्शन्स) एरर देतात आणि ते ३ केबी कागदावरच राहतात.