टोकोनामेचं ताकिता घर: भांड्यांच्या जहाजवाल्याचा वाडा

जपानला जाणारे नाशिककर बहुतेक टोकियो, क्योतो, ओसाका आणि फुजीचा डोंगर एवढं करून परततात. नागोयाला मुक्काम असेल किंवा तिथल्या चुबू विमानतळावर उतरणार असाल, तर टोकोनामे या कुंभारांच्या गावासाठी अर्धा दिवस काढा आणि त्यातला तासभर ताकिता घराला द्या. तिकीट दोन-तीनशे येन, म्हणजे शंभर ते पावणेदोनशे रुपये. कपाटात मांडलेली देखणी भांडी बघायची असतील तर मात्र इथे हिरमोड होईल. हे घर गावात भाजलेला माल जहाजात भरून लांबच्या बंदरांत नेणाऱ्या व्यापारी घराण्याचं. बांधकाम १८५० च्या सुमाराचं, डागडुजी होऊन २००० साली लोकांसाठी खुलं झालं.

आत शिरण्याआधी माल काय होता ते माहीत हवं. टोकोनामेत बाराव्या शतकापासून माणूस मावेल एवढे रांजण घडतात. आपल्या कुंभारवाड्यात कुंभार बसतो आणि चाक फिरतं. इथे रांजण जागेवर उभा, आणि कुंभार खांद्यावर मातीची जाड वळी टाकून त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत थर चढवत जातो. असला बोजड, ठेच लागली की फुटणारा माल डोंगरवाटांनी किती जाणार? म्हणून जहाज, आणि म्हणून जहाजवाल्याचं घर एवढं मोठं. या किनाऱ्यावरचे जहाजमालक पुष्कळदा नुसतं भाडं न घेता माल स्वतः विकत घेऊन पुढच्या बंदरात विकत. नफा त्यांचा, बुडालं तर तेही त्यांचंच.

घरातली सर्वांत बघण्यासारखी वस्तू म्हणजे मालवाहू जहाजाची प्रतिकृती. बहुतेक जण फोटो काढून पुढे सरकतात, तसं करू नका. मागे जाऊन सुकाणू बघा. ते भलंमोठं असतं आणि पक्कं बसवलेलं नसून दोरांनी टांगलेलं असतं, उथळ पाण्यात वर ओढून घेता यावं म्हणून. बंदरात ही मोठी सोय, पण खवळलेल्या समुद्रात लाटा आधी तेच मोडत. मग उरे एकच डोलकाठी, आणि वादळात जहाज उलटू नये म्हणून तीही कापून टाकावी लागे. १८३२ साली टोकोनामे ज्यावर आहे त्याच चिता द्वीपकल्पातलं ‘होजुनमारू’ हे जहाज तांदूळ आणि चिनी मातीची भांडी घेऊन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला निघालं. वादळात डोलकाठी आणि सुकाणू दोन्ही गेलं, आणि जहाज वर्षाहून जास्त काळ भरकटत थेट अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. १४ खलाशांतले तिघेच जिवंत होते.

जुन्या वाड्यांत वावरलेल्याला हे घर पटकन उलगडतं. आपला वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून असतो, जपानी घराच्या खोल्या बागेकडे उघडतात आणि मधे लाकडी पडवी असते. अशा घरांत दारातून आत आलं की चोपलेली जमीन लागते: माती, चुना आणि मिठागरातलं कडू पाणी एकत्र करून ठोकलेली. मालाची आणि बाहेरच्या माणसांची ये-जा तिथवरच. घरच्यांचा वावर तिथून गुडघाभर उंचीवर. आपल्या ओसरी-माजघरातला भेद इथे उंचीनेच दाखवलाय. जुन्या दिव्यांचं दालनही आहे. ते घाईत उरकलं तरी चालेल.

बागेत जमिनीत पुरलेलं, पाण्याच्या थेंबांनी वाजणारं मडकं आहे, ते मात्र चुकवू नका. मडकं पालथं पुरतात, वर आलेल्या बुडाला भोक असतं आणि आत तळाशी थोडं पाणी साचू देतात. वर गोटे रचलेले असतात. पाणी गोट्यांतून झिरपून भोकाच्या कडेला थेंब धरतं, तो खाली पडला की पोकळीत घुमतो. आपल्याकडची मंडळी ओगराळंभर पाणी एकदम ओततात आणि काहीच वाजत नाही म्हणतात. एकदम ओतलं की धार पडते, थेंब पडत नाही. अर्धं ओगराळं सावकाश ओता आणि गप्प उभे राहा. ओतणं थांबल्यावरच खरा आवाज सुरू होतो.

आत बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे धड घाला. चौकटी साधारण पावणेसहा फुटांच्या, उंच माणसाचं कपाळ ठरलेलं. उंबऱ्यावर आणि चटयांच्या कापडी काठावर पाय देत नाहीत. पाठीवरची सॅक पुढे घ्या, वळताना कागदी दारं फाटतात. गुडघे दुखणाऱ्यांना चढ-उतार जड जाईल, व्हीलचेअरसाठी ही वाट नाही.

जायला मेइतेत्सू या खासगी रेल्वेची गाडी. विमानतळावरची निळी-पांढरी ‘म्यूस्काय’ पकडू नका, ती टोकोनामेला सहसा थांबत नाही. साधी गाडी पाचेक मिनिटांत पोचवते. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. तिथून पाच मिनिटांवर सिरॅमिक हॉल हे भांड्यांचं प्रदर्शन-विक्रीचं ठिकाण, आणि तिथून पाट्या लावलेली १.६ किलोमीटरची वाट सुरू होते. ताकिता घर याच वाटेवर. घराला लागूनच सांडपाण्याच्या भाजक्या नळांची आणि दारूच्या बुधल्यांची भिंत असलेली चढण आहे. पायाखालच्या गोल चकत्या नळ भाजताना वापरून टाकून दिलेल्या, पाय घसरू नये म्हणून बसवल्या आहेत. पुढची १८८७ ची, उतारावर चढत बांधलेली भट्टीही बघा. दहा धुराडी, मधली बुटकी आणि कडेची उंच, कारण कडेला हवेची ओढ कमी पडते. घर साडेचारला बंद होतं, तेव्हा दुपारी लवकर पोचा. साप्ताहिक सुट्टी सरकारी सुट्टीच्या दिवशी आली की पुढच्या दिवशी ढकलतात; तेवढं आधी बघून घ्या.

वाटेवरच्या दुकानांतून लाल मातीची चहाची किटली घ्यायचा मोह होईलच. घेताना झाकणाच्या भोकावर बोट ठेवून पाणी ओतू देतात का विचारा. धार थांबली तर झाकण नीट घासून बसवलेलं आहे. दांडा बाजूला असतो, तो उजव्या हाताचा. डावखुऱ्यांनी वेगळी मागावी. आतली मातीची जाळी पानांच्या चहासाठी असते, आपली चहा पावडर तिच्यात गच्च बसते. आलं-दुधाचा चहा तर त्यात करूच नका, झिलई नसलेली माती वास धरून ठेवते. साबण लावायचा नाही, गरम पाण्याने धुऊन उघडी वाळवायची. येताना झाकण वेगळं गुंडाळा आणि किटली हातातल्या बॅगेतच ठेवा. झाकण त्याच किटलीसाठी घासलेलं असतं, फुटलं तर दुसरं बसत नाही.