दोन फुटी टँक, बोअरचं पाणी आणि सोळा मासे: नऊ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याला आमच्याकडे फिश टँक आला. २४ × १२ × १२ इंच, दुकानात ज्याला नुसतं 'दोन फुटी' म्हणतात तो. हिशेबाने ५६ लिटरचा, पण तळाची वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी ४२ ते ४५ लिटरच राहतं. आज जुलैत त्यात पाच नर गप्पी, सहा झेब्रा डॅनिओ, पाच ब्राँझ कोरी आणि एक मिस्ट्री स्नेल आहे. फेब्रुवारीपासून एकही मासा आजारी पडलेला नाही. पण त्याआधी जे मासे गेले ते माझ्या चुकांनी गेले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. छोटा टँक घेणाऱ्या कुणाचे तरी मासे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या दिवशी आम्ही डोळ्यांना आवडतील ते मासे उचलले. दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, चार गप्पी, लेकीला आवडली म्हणून एक एंजल, आणि काच साफ करायला एक सकर. 'ताई, छोटेच आहेत सगळे, मिक्स चालतात,' असं दुकानदार म्हणाले. छोटे होते हे खरंच, पण दुकानात दिसतात ती बहुतेक पिल्लं असतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं. साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो. एंजल आडवी बोटभर दिसते, पण पंखांसकट तिची उंची २० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि मोठी झाली की तोंडात मावेल तो मासा ती खाते. सकर तर दीड फुटापर्यंत जातो. टँक लहान पडला की लोक तो नदीत, तळ्यात सोडून देतात. उजनीच्या जलाशयात हा परदेशी मासा मच्छिमारांच्या जाळ्यांत येऊ लागलाय, तो असाच कुणाच्या तरी घरातून सुटलेला असणार. कृपा करून कुणी सोडू नका. आमचा सकर मी दुकानात परत नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकचा दिवा लावला तेव्हा नारिंगी गप्पीची शेपटी अर्धी झाली होती. कडेला करवतीसारखे दाते, आणि मधे एक नुसता काटा. मी स्टूल ओढून समोर बसले. टायगर बार्ब मागून यायचा, शेपटीला एक चिमटा काढायचा आणि वळून निघून जायचा. दहा मिनिटांत असं सहा-सात वेळा झालं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा झुंडीने राहणारा मासा आहे. आठ-दहा असले की आपसांतच भांडतात, चारच असले की शेजारच्या लांब पंखवाल्याच्या, संथ माशाच्या मागे लागतात. गप्पी, एंजल किंवा बेट्टासोबत तो ठेवूच नये.

आठवड्याच्या शेवटी दोन्ही गोल्डफिश आणि दोन गप्पी गेले. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं, म्हणून मला काही सुचेना. टेस्ट किट आणून तपासलं तर अमोनिया २ निघाला, जो शून्य असायला हवा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तर पाणी भरलं त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडले होते.

बार्ब आणि एंजल ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या चार फुटी टँकमध्ये गेले, उरलेले गप्पीही तिनेच नेले. मग नोव्हेंबर आणि अर्धा डिसेंबर टँक नुसता चालू ठेवला. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज विचारायच्या, 'अगं, मासे नाहीत तर खाऊ कुणाला घालतेस?' पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुठला मासा कुठल्या माशासोबत चालतो याचे तक्ते सगळीकडे मिळतात. पण मासे एकमेकांशी जुळायच्या आधी आपल्या नळाशी जुळायला हवेत, हे मला निऑन टेट्रांनी शिकवलं. तक्त्यात निऑन शांत, छोटे, झुंडीने राहणारे, छोट्या टँकला उत्तम. सहा आणले, सगळे नियम पाळून सोडले. पंधरा दिवसांत तीन गेले, एकेक करून, अंगावर काही जखम नसताना. निऑन मूळचे अमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातले. आमची सोसायटी पुण्यात वाघोलीला, पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. गिझरच्या कॉइलवर पापुद्रे चढतात, बादलीला पांढरी कड येते. तपासलं तर जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, १७ आणि पीएच ८ च्या आसपास. शिवाय पीएच ७ चा ८ झाला की अमोनियातला खरा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे मऊ पाण्यात जी चूक निभावून जाते ती आमच्याकडे जीव घेते. गोल्डफिश आठवड्यात का गेले, तेही मला तेव्हा उमगलं.

आरओचं पाणी मिसळायचा सल्ला दुकानात मिळाला. करून पाहिलं. दर आठवड्याला दहा लिटर आरओ काढताना त्याच्या दुपटीहून जास्त पाणी वाया जायचं. ज्या इमारतीत आपण टँकरच्या वर्गणीवरून मीटिंगा घेतो तिथे हे मला पटलं नाही. उरलेले तीन निऑन कोथरूडला भावाकडे दिले. त्याच्याकडे धरणाचं मऊ पाणी येतं. त्याने आणखी पाच आणून झुंड पुरी केली आणि ते आठही आज मजेत आहेत.

मग मी उलट्या बाजूने निवड केली. आधी आमचं पाणी, मग त्या पाण्यात आनंदाने जगणारे मासे, आणि शेवटी त्यांतले एकमेकांना त्रास न देणारे.

गप्पींना जड पाणी मानवतं. नरच घेतले, कारण मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते आणि एवढ्याशा टँकमध्ये ती कुठे ठेवणार? झेब्रा डॅनिओ भारतातलाच, बांगलादेश आणि नेपाळातही सापडणारा, जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनाला वापरला जाणारा. इतका काटक मासा मी दुसरा पाहिला नाही. डिसेंबरात पाणी २० अंशांवर जाऊ दे की मे महिन्यात ३१ वर, तो तसाच धावत असतो. सहापेक्षा कमी ठेवलेत तर मात्र गप्पींच्या मागे लागेल. आणि झाकण घट्ट हवं. आमच्याकडे सात होते. वायरसाठी सोडलेल्या दोन बोटांच्या फटीतून एक उडाला, सकाळी सोफ्यामागे सापडला. त्याच दिवशी फट स्पंजने बुजवली.

कोरी तळाला राहतात, त्यांच्यासाठी खडी काढून बारीक वाळू घातली, कारण खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. पहिल्या दिवशी एक कोरी एकदम वर झेपावली, पृष्ठभागाला तोंड लावून खाली गेली. मला वाटलं गुदमरतेय. पण कोरी हवा गिळते आणि आतड्यातून तिचा प्राणवायू घेते, ही तिची सवयच आहे. सारखी वर येऊ लागली तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी आहे असं समजावं. मे महिन्यात तसं झालं, तेव्हा झाकणाऐवजी जाळी ठेवून टेबल फॅनचा वारा पाण्यावर घेतला. दोन-तीन अंशांचा फरक पडला आणि त्या शांत झाल्या.

खरी परीक्षा एप्रिलात झाली. बोअर आटली, टँकर सुरू झाले. एका टँकरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, २८०, दुसऱ्याचा ६१०, एकाला ब्लीचिंगचा असा वास की डोळे चुरचुरले. आरओवाल्याकडून घेतलेलं टीडीएसचं पेन तेव्हा फार उपयोगी पडलं. पाणी बादलीत भरून आधी अँटी-क्लोरीन घालायचं, मोजायचं, आणि एका वेळी सहा-सात लिटरच बदलायचं, असं चालवलं. पेन नुसती क्षारांची बेरीज सांगतं, जडपणा नाही. पण टँकमधल्या आणि बादलीतल्या आकड्यात मोठी तफावत दिसली की सावध होता येतं. त्या दोन महिन्यांत एकही मासा गेला नाही. निऑन असते तर किती उरले असते, याचा विचारही नको वाटतो.

नवा मासा आणलात तर दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, एवढं आणखी सांगते. जानेवारीत गप्पींसोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता, तो टबातच थांबला.

जूनच्या शेवटी पाऊस लागला, बोअरला पाणी आलं. त्या रविवारी सात लिटर पाणी बदललं, ते टँकच्या पाण्यापेक्षा चांगलंच गार होतं. दुसऱ्या दिवशी लेक ओरडली, 'आई, काचेला साबुदाणा चिकटलाय!' कोरींची अंडी होती. गार पाणी आलं की पावसाळा लागला असं समजून त्या अंडी घालतात. आम्ही मोजेपर्यंत डॅनिओंनी निम्मी फस्त केली होती. उरलेली अकरा एटीएम कार्डाने हळूच खरवडून आइस्क्रीमच्या डब्यात ठेवली, टँकचंच पाणी आणि हवेची एक नळी सोडून. सहा बुरशीने पांढरी झाली. पाच फुटली. आज त्यांतली तीन पिल्लं आहेत, तांदळाच्या कणीएवढी, आणि तळाला बसूनच राहतात, अगदी मोठ्यांसारखी.